कुसळ, मुसळ आणि सतरा सप्टेंबर

दरवर्षी सप्टेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या सोनपेठकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रझाकार उतरतात. जुनी काळी-पांढरी छायाचित्रं, मागे छाती धडधडवणारं संगीत, वर लाल अक्षरं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये हैदराबाद संस्थानाचा निकाल लागतो: निजाम वाईट, कासीम रझवी त्याहून वाईट, पटेलांनी फौज धाडली, आपण सुटलो. सतरा तारखेला सकाळी शाळेत झेंडा, एक भाषण, हातावर गोळ्या-बिस्किटं. अठराला पोरं पुन्हा गणिताच्या तासाला बसतात. त्यांच्या डोक्यात त्या दिवसाचं एवढंच उरतं की 'त्यांनी' 'आपल्याला' मारलं होतं.

'ते' म्हणजे कोण हे भाषणात कुणी सांगत नाही. सांगावंही लागत नाही. 'त्यांच्या'तला एक वर्गात दोन बाकांपलीकडे बसलेला असतो. आमच्या वर्गातही एक होता. भाषण रंगात आलं की तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा. मान वर करायला नको म्हणून करत असेल, असं आता वाटतं.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सिस्टीम कोसळली की दुसऱ्या दिवशी बसून कारण लिहावं लागतं. 'अमक्यानं चुकीचा कोड टाकला' एवढंच लिहिलं तर रिपोर्ट परत येतो. तो कोड आत जाऊच कसा शकला, तपासायला कोण होतं, इशारा कुणाला गेला होता आणि त्यानं तो का बाजूला ठेवला, हे सगळं मांडावं लागतं. एका सर्व्हरसाठी आपण एवढं करतो. 1946 ते 1948 या काळात आपल्या पाच जिल्ह्यांत शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं, त्याचं कारण पोरांना सांगताना मात्र एक दाढीवाला वकील पुरतो.

'मुक्तिसंग्राम' हा शब्द खरा आहे, तो मी खोडत नाही. आठ-दहा माणसांची सभा घ्यायची तरी परवानगी मागावी लागेल असं 'गश्ती निशान 53' नावाचं परिपत्रक ज्या राज्यात होतं, जिथं 1938 मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, जिथं वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांना बाहेर काढलं, तिथं लढणाऱ्यांना मुक्तीच हवी होती. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांनी तुरुंग भोगले ते काही रील बनावं म्हणून नाही. पण त्याच दोन वर्षांत गावागावांत जे घडलं त्याला मराठीत दुसराही एक शब्द आहे, आणि तो आपण त्या काळाला कधीच लावत नाही. यादवी.

हा शब्दच धर्मकथेतून आलेला. गावच्या सप्ताहात लहानपणी ऐकलेलं मौसलपर्व आठवा. यादवांच्या टवाळ पोरांनी सांबाला बाईचा वेष चढवला आणि ऋषींना विचारलं, हिला काय होईल? ऋषी चिडले, म्हणाले मुसळ होईल, आणि त्यानंच तुमचं कुळ संपेल. मुसळ झालं. मोठ्यांनी काय केलं? त्या मुसळाचं चूर्ण करून समुद्रात टाकलं आणि विषय मिटला असं मानलं. त्या चूर्णाचं किनाऱ्यावर गवत उगवलं आणि पुढे प्रभासला त्याच गवतानं यादवांनी एकमेकांना मारलं. कारण कुटून पाण्यात टाकलं की ते संपत नाही, हे कीर्तनाच्या मंडपात बसून ऐकलेल्या माणसांना परत वेगळं शिकवायला नको होतं.

इथं माझे पुण्यातले मित्र लगेच म्हणतात, इतिहास शिकवताना धर्म मध्ये आणूच नका. ऐकायला बरं वाटतं. संविधानाचं 28 वं कलमही सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या तालुक्यात पोरगं इतिहास शिकतं कुठं? एक धडा शाळेत, उरलेलं सगळं सप्ताहात, मदरशात, आजीच्या मांडीवर आणि मोबाईलवर. धर्म तिथं आधीच बसलेला आहे. त्याला बाहेर काढायची ताकद ना माझ्यात ना तुमच्यात. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो की धर्माचा कुठला अर्धा भाग पोरांच्या हाती द्यायचा. 'आपण बरोबर होतो' असं प्रमाणपत्र देणारा, की 'तू काय केलंस' असं विचारणारा?

हा प्रश्न जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत कसोटीला लागला, आणि तिथं तो ख्रिस्ती धर्माच्या नावानं लागला. मला त्याचा पत्ता ऑफिसमुळे लागला. आमच्या टीममध्ये अलाबामाचा एक सहकारी आहे, चर्चमध्ये वाढलेला, सज्जन. एकदा कॉल लवकर संपला आणि गप्पा सिव्हिल वॉरवर गेल्या. तो म्हणाला, लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, आणि गुलामगिरी हे त्याचं कारण होतं हे मी कॉलेजात जाऊन पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, कुणी सांगितलं होतं? म्हणाला, ज्यांच्यावर माझा विश्वास होता त्या सगळ्यांनी.

तेव्हापासून मी त्या प्रकरणाच्या मागे लागलो. युद्ध 1861 ते 1865. सहा लाखांहून जास्त माणसं मेली. 1860 मध्ये अमेरिकेत जवळपास 40 लाख माणसं गुलाम होती. युद्ध सुरू होताना दक्षिणेचे पुढारी कारण लपवत नव्हते. मिसिसिपी राज्यानं फुटून निघताना काढलेल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचंच नाव आहे. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यानं मार्च 1861 मध्ये सव्हाना शहरात भाषण करून सांगितलं की गोरा श्रेष्ठ आणि काळा कनिष्ठ हाच आमच्या नव्या राज्याचा कोनशिलेचा दगड आहे. युद्ध हरल्यावर हाच गृहस्थ जाडजूड पुस्तक लिहून सांगू लागला की भांडण घटनेच्या अर्थाचं होतं.

चर्चनं तर त्याआधीच बाजू घेतली होती. 1844 मध्ये जॉर्जियाच्या एका बिशपच्या घरी गुलाम आहेत यावरून मेथडिस्ट मंडळी फुटली. 1845 मध्ये गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो का या वादावर बाप्टिस्ट फुटले आणि सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आलं. या संस्थेनं त्याबद्दल माफी मागितली ती 1995 मध्ये, दीडशे वर्षांनी.

युद्धानंतर मुलांचा नंबर लागला. 1894 मध्ये 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' ही बायकांची संघटना निघाली. 1904 मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी प्रश्नोत्तरी छापली. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची, आज्ञांची प्रश्नोत्तरी पोरांकडून घोकून घेतात ना, हुबेहूब तोच साचा. देव कोण, या प्रश्नाच्या जागी युद्ध का झालं हा प्रश्न. उत्तर: उत्तरेनं आमचे हक्क तुडवले म्हणून. गुलामांना कसं वागवत? उत्तर: मायेनं. 1920 च्या सुमारास मिल्ड्रेड रदरफोर्ड या बाईंनी पाठ्यपुस्तकं तपासायची मोजपट्टीच काढली. दक्षिणेनं गुलाम राखायला युद्ध केलं असं जे पुस्तक म्हणेल ते शाळेनं नाकारायचं, आणि ग्रंथालयात असेल तर त्यावर 'दक्षिणेवर अन्याय करणारं' असा शेरा मारायचा. पिढ्यानपिढ्या पोरं यावर वाढली. माझा सहकारी त्यातलाच.

यात खोटेपणा असा दिसत नाही. त्या बायका भाविक होत्या, त्यांचे भाऊ-नवरे मेले होते, त्यांचं दुःख खरं होतं. म्हणून तर हे इतकं मुरलं. दुःख खरं, प्रार्थना खरी, आणि त्या दोन्हींच्या मधोमध कारण तेवढं खोटं.

आता त्याच धर्माचा दुसरा अर्धा भाग. 4 मार्च 1865 रोजी अब्राहम लिंकननं अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली. त्याची बाजू जिंकत होती. छाती पुढे काढायला यापेक्षा चांगला दिवस नव्हता. त्यानं भाषण केलं अगदी थोडकं, आणि त्यात म्हणाला काय, तर दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात, त्याच देवाला हाक मारतात, आणि ही लढाई म्हणजे गुलामगिरीच्या पापाची शिक्षा असेल तर ती उत्तर आणि दक्षिण दोघांनाही मिळते आहे, कारण त्या पापाची कमाई दोघांनी खाल्ली आहे. जिंकणाऱ्यानं स्वतःकडे बोट करून कारण सांगितलं. दीड महिन्याच्या आत त्याला गोळी घातली.

तुम्ही म्हणाल, सोनपेठचा यात काय संबंध? आहे, आणि तो जुना आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलींची शाळा कशी चालते हे त्यांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या फॅरारबाईंच्या शाळेत पाहिलं. 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवायला झीज सोसली. म्हणजे अमेरिकेतली यादवी संपून आठ वर्षं होतात न होतात तोच पुण्यातल्या एका माळ्याला तिचं कारण नेमकं ठाऊक होतं. अलाबामातल्या पोरांना मात्र ते पुढची शंभर वर्षं ठाऊक होऊ दिलं नाही.

आणि फुल्यांच्याच शाळेतली मुक्ता साळवे. मांग समाजाची, चौदाएक वर्षांची पोर. 1855 मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, मिशनच्याच नियतकालिकात. पेशवाईत आपल्या लोकांचं काय केलं जाई, जमिनीवरून हुसकून इमारतींच्या पायात कसं गाडलं जाई, हे तिनं लिहिलं, आणि मग देवालाच विचारलं की आमचा धर्म तरी कोणता ते सांग. शाळेतली पोर कारणं सांगू शकते, याचा आणखी काय पुरावा हवा? 'पोरं लहान आहेत, त्यांना कशाला हे सगळं' म्हणणाऱ्यांना मी हा निबंध वाचायला देतो. बहुतेक जण पुन्हा तो मुद्दा काढत नाहीत.

(भाबडेपणाही नको. 'ज्ञानोदय'नं तो निबंध छापला यात मिशनचा स्वतःचा हेतू होताच. हिंदू धर्मातलं मुसळ दाखवणारा मजकूर त्यांना हवाच होता. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तिथं आलेले बरेचसे मांग समाजाचे, आणि ती जमीन मिळाली निजामाच्या दरबारातून. आपल्याकडचा कुठलाही धागा ओढा, तो सरळ येत नाही.)

तर आता आपल्या घरचं मुसळ. मराठी बायबलात मत्तयाच्या सातव्या अध्यायात तीच जोडी आहे जी आपण येता-जाता तोंडात घोळवतो: भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ. ही ओळ सदर्न बाप्टिस्टांनाही पाठ होती. पाठ असून भागत नाही, ती कुणावर लावता यावर आहे. आपण 17 सप्टेंबरला ती लावून बघू.

रझाकारांनी केलं ते कुसळ नव्हतं, हे आधी सांगतो. बीदरकडच्या गोर्ट्यात मे 1948 मध्ये एका गावची माणसं कापली. लुटालूट, जाळपोळ, बायकांवर अत्याचार. ऑगस्ट 1948 मध्ये 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला हैदराबादच्या रस्त्यात गाठून मारलं, कारण तो भारतात सामील व्हा असं लिहीत होता. मुसलमान होता. शोएबुल्ला आमच्या रीलमध्ये कधी येत नाही. तो आला की 'ते' आणि 'आपण' यांचा हिशेब चुकतो ना.

पण हे रझाकार आले कुठून? संस्थानातली सुमारे एक तृतीयांश जमीन जहागिरदारांच्या ताब्यात, वर निजामाची खासगी सर्फेखास वेगळी. त्या जहागिरदारांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. निजामाचा दिवाण कित्येक वर्षं महाराजा किशन पर्शाद होता. गावात देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या हातात वसुली, आणि खाली वेठबिगार. तेलंगणात शेतकऱ्यांनी ज्यांच्याविरुद्ध हत्यार उचललं त्यांतलं सगळ्यात बदनाम नाव विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी. त्याच्या माणसांनी 4 जुलै 1946 रोजी दोड्डी कोमरय्याला गोळी घातली आणि तिथून तो लढा पेटला. हा देशमुख काही रोज पाच वेळा नमाज पढत नव्हता. पुढे रझाकारांची मदत शेतकऱ्यांविरुद्ध घ्यायला असल्या जमीनदारांना धर्म आडवा आला नाही.

दुसऱ्या बाजूला गावातला गरीब मुसलमान. अत्तार, पिंजारी, तांबोळी, बागवान. निजामाच्या राज्यात यांच्या वाट्याला काय होतं? नोकऱ्या वरच्या घराण्यांना आणि उत्तरेतून आणलेल्या बाहेरच्यांना. याला मिळालं एक वाक्य: अनल मलिक, म्हणजे मीच राजा. 1927 मध्ये निघालेल्या इत्तेहादुल मुसलमीननं हे वाक्य त्याच्या तोंडी घातलं, आणि लातूरच्या कासीम रझवीनं त्याच्या हातात भाला दिला. खायला अन्न नसलेल्या माणसाला राजा म्हटलं की तो काय करतो हे समजायला फार लांब जायला नको. आजच्या रॅलीतली पोरं बघा. झेंड्याचा रंग कुठलाही घ्या.

आणि दलित? बी. श्यामसुंदर यांच्यासारखा दलित पुढारी निजामाच्या बाजूनं उभा राहिला, संयुक्त राष्ट्रांपर्यंत हैदराबादची बाजू मांडायला गेला. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1947 मध्ये दलितांना स्पष्ट बजावलं होतं की निजामाच्या मागे जाऊ नका. दोघांच्या मतांत जमीन-अस्मानाचं अंतर. पण श्यामसुंदर तिकडे का गेले असतील, हा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तर देताना गावकुसाबाहेर जावं लागतं. पाणवठ्यावर जावं लागतं. म्हणून तो विचारत नाहीत.

एक गंमत सांगतो. मराठा आरक्षणासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती बसल्यापासून आणि 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाल्यापासून निजामकाळाचे कागद आमच्याकडे सोन्याच्या भावानं शोधले जातायत. मोडी वाचणारा माणूस सापडला तर त्याला गाडी पाठवतात. त्या कागदांत कुणबी शब्द सापडला की पेढे. त्याच कागदांत जमीन कुणाची, सारा किती, वेठ कुणाच्या डोक्यावर, हेही असू शकतं ना? तेवढं पान उलटायची कुणाला घाई नाही.

आता मुसळाचा दुसरा तुकडा. 13 सप्टेंबर 1948 ला फौज आत शिरली, 17 ला निजामानं शरणागती पत्करली. आपला धडा इथं संपतो. पण 18 तारखेला सूर्य उगवला होता. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांची घरं जळली, माणसं मारली गेली, आणि मारणारे बहुतेक गावचेच होते. नेहरूंच्या पुढाकारानं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 संस्थानात फिरली. त्यांचा अंदाज, तोही हात राखून केलेला: कारवाईत आणि नंतर सगळ्या संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मेली. सगळ्यात वाईट हाल उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. तिथंच 18 हजारांच्या घरात. हा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला आणि 2013 च्या सुमारास दिल्लीत वाचायला खुला झाला. लाहोरच्या मिशन कॉलेजात शिकवलेला विल्फ्रेड कँटवेल स्मिथ हा कॅनडाचा ख्रिस्ती पाद्री-अभ्यासक मात्र 1950 मध्येच यावर लेख छापून मोकळा झाला होता. आपल्या घरात काय झालं हे परक्यानं आधी लिहिलं.

हे लिहिलं की लगेच शेरा येतो: 'म्हणजे रझाकार आणि आम्ही सारखेच का?' नाही. राज्य हातात असलेली सशस्त्र टोळी आणि राज्य पडल्यावर सूड उगवणारा जमाव यांत फरक आहे, आणि पोरांना तो फरकही शिकवला पाहिजे. पण मोजायचा काटा एकच पाहिजे. गोर्ट्यातल्या मेलेल्याला नाव आणि नांदेडच्या विहिरीतल्या मेलेल्याला फक्त आकडा, तोही कुजबुजत, हा काटा चालणार नाही. रदरफोर्डबाईंची मोजपट्टी हीच होती.

आणि धर्म हेच कारण असतं तर 1978 चं काय करायचं? 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि याच पाच जिल्ह्यांत दलित वस्त्या पेटल्या. नांदेडकडच्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. तेव्हा रझाकार नव्हते, निजाम नव्हता, कुठला रझवी भाषण करत नव्हता. जमीन, गावकीचा मान, नोकरीची भीती आणि आपल्या पायरीवरून कुणीतरी वर चढतंय याचा राग, हे सगळं होतं. 1948 मध्येही हेच होतं. वरचं कव्हर तेवढं बदललं. नामांतराला 1994 उजाडलं. सतरा सप्टेंबरच्या भाषणात 1978 येत नाही, कारण त्यात 'ते' शोधायला बाहेर जाता येत नाही.

म्हणून माझं भांडण रील बनवणाऱ्या पोरांशी कमी आणि माईक हातात असलेल्या मोठ्यांशी जास्त आहे. कीर्तनकार महाराजांशी, मौलानांशी, पाद्रीबाबांशी. तुमच्याकडे जे आहे ते शाळेतल्या सरांकडे नाही. सरांना परीक्षेची घाई असते. तुमच्यासमोर आई-बाप-पोर एकत्र बसलेले असतात आणि तुम्ही विचारलेला प्रश्न घरी जातो. संडे स्कूलमध्ये काइनाची गोष्ट सांगताना देव त्याला 'तुझा भाऊ कुठं आहे' असं विचारतो हे सांगता ना? मग आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना तोच प्रश्न 1948 च्या संदर्भात विचारा. मौसलपर्व सांगताना चूर्ण कुठं टाकलं ते सांगा. मौलाना, अनल मलिक हे वाक्य गरिबाच्या तोंडी घालणाऱ्यांनी त्या गरिबालाच कसं खड्ड्यात लोटलं आणि स्वतः रझवी 1957 ला सुटून पाकिस्तानात कसा गेला, हे तुम्ही सांगितलंत तर पोरं ऐकतील; मी सांगितलं तर ऐकणार नाहीत. गंगाखेड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, जनाबाईचं गाव. परभणीच्या तुरत पीर बाबांच्या उरसात सगळ्या जातीधर्माची माणसं रेटारेटी करतात. या दोन्ही ठिकाणी स्वतःला प्रश्न विचारायची सवय जुनी आहे. ती फक्त इतिहासाला लावायची आहे.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक जागा आहे, ती मला हिंसेच्या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवलं, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन, असं त्यात नोंदवलं आहे. एकाच मागावर काम करणारी माणसं होती ती. पोटाचं नातं धर्माच्या हाकेपेक्षा मोठं ठरलं. का ठरलं, कुठल्या गावांत ठरलं आणि कुठल्या गावांत नाही, हे शोधणं म्हणजेच कारणं शिकणं. नववीच्या पोरांना हा एक उतारा द्या आणि तासभर बोलू द्या.

आणि या वर्षी झेंडावंदनानंतर गोळ्या-बिस्किटं वाटता वाटता एक गृहपाठही द्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या: रझाकारीच्या साली आपण कुणाच्या घरात लपलो होतो, आणि पोलीस ॲक्शननंतर आपल्या घरात कोण लपलं होतं? दोन्ही प्रश्न, सगळ्या पोरांना, सारखेच. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या जवळ आहे. मी मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा आमच्या गल्लीत अशी चार माणसं होती. दिवाळीला आलो तेव्हा दोन होती.